भांडणाचा महिना कोणता?

ताई, मावशी, काकू आणि माझ्या वयाच्या सगळ्या मैत्रिणींनो,

वार्षिक सभेत मला पंधरा मिनिटं दिली होती. मी पाऊण तास बोलले आणि तुमचं जेवण लांबलं, त्याची आधी माफी मागते. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी ते बोलणं लिहून द्या, असं अध्यक्षताईंनी सांगितलं, म्हणून हा लेख. तिथे बोलायचं राहून गेलं तेही यात घातलंय. नाव कोणाचंच नाही. ज्यांच्या गोष्टी आहेत त्यांना विचारून लिहिलंय. फक्त एकीला विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून तिथे माझ्यापुरतंच लिहिते.

मागच्या उन्हाळ्यात आपल्या एका गटाच्या बैठकीत आम्ही एक खेळ केला. काकूंच्या अंगणात रांगोळीने बारा घरं काढली, एकेका महिन्याचं एकेक. पैसा येतो त्या महिन्यात चिंचोके ठेवायचे आणि जातो त्या महिन्यात खडे. आपला भाग सोयाबीनचा, त्यामुळे चित्र लगेच तयार झालं. ज्येष्ठात खड्यांचा ढीग लागला. बियाण्याची बॅग, खत आणि नेमकं त्याच वेळी पोरांची दप्तरं, वह्या, गणवेश. श्रावण-भाद्रपदात पोळा, महालक्ष्म्या, फवारणी, आणि चिंचोके म्हणाल तर खुरपणीच्या मजुरीचे चार-दोन. आश्विन-कार्तिकात रास झाली की सगळे चिंचोके एकदम.

मग मी काकूंकडून मूठभर वाळलेल्या लाल मिरच्या मागितल्या. (मोजून दिल्या आणि मोजून परत घेईन असं बजावलं.) प्रत्येकीला पाच मिरच्या दिल्या आणि म्हटलं, "घरात मोठं भांडण कोणत्या महिन्यात होतं ते आठवा आणि तिथे मिरची ठेवा." आधी नुसतं हसू. "आमच्याकडं तर रोजच हाय," असं एक ताई म्हणाल्या. पण मिरच्या हातात आल्यावर सगळ्या गप्प झाल्या आणि ठेवायला लागल्या.

निम्म्याहून जास्त मिरच्या ज्येष्ठ ते भाद्रपद या चार महिन्यांत पडल्या. खड्यांचा ढीग जिथे, तिथेच मिरच्यांचा. एक मावशी बराच वेळ त्या घरांकडे बघत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "म्या सुनंला आषाढात घरातनं जा म्हणाले होते. मला वाटलं ती आळशी हाय, उद्धट हाय. आता बघते तर तवा डब्यात पीठच नव्हतं." सून शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, पण मावशींच्या पुढ्यातली एक मिरची उचलून तिने बाजूला ठेवली.

मला सभेत सांगायचं होतं ते एवढंच होतं, पुढचं सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. घरात चिडचिड वाढली की आपण माणसाच्या स्वभावाला दोष देतो. नवरा तापट झालाय, सासू टोचून बोलते, पोरगं ऐकत नाही, मलाच काहीतरी झालंय. त्या वेळी कोणता महिना चालू आहे, घरात पैसे किती आहेत आणि कोणता हप्ता जवळ आलाय, हे आपण बघतच नाही.

हे फक्त आपल्याच भागात दिसतं असं नाही. तामिळनाडूत ऊस पिकवणाऱ्या ४६४ शेतकऱ्यांना संशोधकांनी काही कोडी सोडवायला दिली होती. एकदा ऊस तुटण्याआधी, हातात पैसा नसताना, आणि एकदा ऊस तुटून पैसे आल्यावर. माणसं तीच होती. पैशाच्या ओढीत असताना त्यांना कोडी कमी जमली आणि पैसे आल्यावर जास्त जमली. 'सायन्स' या नियतकालिकात हे २०१३ साली छापून आलं. कॉलेजात मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं. त्यात काय म्हटलंय ते मला तुमच्या बैठकांमध्ये कळलं. पैशाची काळजी डोक्यातली जागा खाते. मग दूध उतू जातं, पोराच्या सहीचा कागद विसरतो, साध्या बोलण्याला वाकडं उत्तर जातं. अशा वेळी बाई स्वतःला "माझं डोकंच चालत नाही" म्हणते. डोकं चालत असतं हो, ते दुसऱ्या कामात अडकलेलं असतं.

त्या रांगोळीत आणखी एक गोष्ट दिसली, तिचा मी विचारही केला नव्हता. कार्तिकातही मिरच्या होत्या, आणि बऱ्याच होत्या. पैसा आलेला, दिवाळी झालेली, मग भांडण कशाचं? एका ताईंनी सांगितलं, "सोयाबीन इकून आले, आडतवाल्याचं दिलं, भावाचं दिलं, मोबाईल घेतला, आन मग मला सांगितलं." खुरपणी तिने केली, काढणीला ती होती, पण पैशाचं काय करायचं हे ठरवताना ती नव्हती. आषाढातलं भांडण पुरत नाही म्हणून होतं, कार्तिकातलं विचारलं नाही म्हणून. माझ्या मते दुसरं जास्त खोल जातं. पहिलं पैसे आले की विसरता तरी येतं.

आता माझ्या घरचं सांगते. सभेत हे सांगताना माझा आवाज अडकला होता. लिहिताना तेवढी अडचण नाही.

मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा वसतिगृहाचे आणि फीचे पैसे भरायचे होते. आईने बाबांना सांगितलं, शिष्यवृत्ती आली. मलाही तेच सांगितलं. खरं म्हणजे तिने गल्लीतल्या चार बायकांबरोबर एका फायनान्स कंपनीकडून चाळीस हजार उचलले होते. हप्ता दर मंगळवारी. सोमवारी रात्रीपासून तिचं डोकं दुखायचं. आम्ही बाम आणून दिला. डॉक्टरांनी बीपी तपासलं, गोळ्या दिल्या. माझ्या धाकट्या भावाची एक चप्पल हरवली म्हणून तिने त्याला अशी मारहाण केली, की तशी आमच्या घरात कधी झाली नव्हती. मावशीचे फोन घेणं तिने बंद केलं. आणि मी त्या वर्षी कॉलेजात 'कौटुंबिक समुपदेशन' या विषयावर असाइनमेंट लिहीत होते. चांगले मार्क पडले.

एका मंगळवारी तिचा हप्ता चुकला. गटातली बाई पैसे मागायला दारात आली आणि बाबा घरात होते. बाबा ओरडले नाहीत. "मला सांगायचं ना," एवढंच म्हणाले आणि शेतात निघून गेले. दोन दिवस घरी जेवले नाहीत. पुढे कितीतरी दिवसांनी ते मला म्हणाले, "चाळीस हजाराचं काही नाही गं. गल्लीतल्या चार बायकांना माहीत होतं, आन मला नव्हतं."

गोष्ट इथेच संपली असती तर मी आईला चुकीचं आणि बाबांना बरोबर म्हणून मोकळी झाले असते. पण आठवडाभराने बाबांनीही कबूल केलं. कृषी केंद्राची अठरा हजारांची उधारी त्यांनी आईपासून दोन हंगाम लपवली होती. तेव्हा जे भांडण झालं ते पहिल्यापेक्षा मोठं! एकमेकांना त्रास नको म्हणून दोघंही लपवत होते आणि दोघांनाही रात्री झोप नव्हती. एकाच खोलीत, दोन बाजूंना तोंड करून जागे.

आपल्यापैकी काही जणी डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत पैसे ठेवतात आणि घरात सांगत नाहीत. ते बंद करा असं मी सांगणार नाही. माझ्या आजीने असे साठवलेले पैसे एका बाळंतपणात कामाला आले होते. तो बाईचा आधार आहे. पण लपवलेलं कर्ज वेगळं. ते दर मंगळवारी दारात येतं, आणि ज्याच्यापासून लपवायचं त्याच माणसाबरोबर जेवायला बसावं लागतं. जेवण कसं जाईल?

हप्त्यांचाही हिशोब घालते, कारण "लई कर्ज हाय" असं आपण म्हणतो, पण किती ते मांडत नाही. एका ताईंनी माझ्याबरोबर बसून वहीत मांडलं. गटाच्या बँक कर्जाचा महिन्याला १,८०० रुपये. एका कंपनीचा महिन्याला २,२५०. दुसऱ्या कंपनीचा पंधरा दिवसांनी १,१५०, म्हणजे महिन्याला २,३००. तिसऱ्या कंपनीचा आठवड्याला ६४०, म्हणजे चार आठवड्यांचे २,५६०. एकूण ८,९१० रुपये. घरात येतं काय? मालक टेम्पोवर जातात त्याचे ९,०००, ताईंची मजुरी ४,००० आणि लाडकी बहीणचे १,५००. एकूण १४,५००, तेही चांगल्या महिन्यात. बेरीज झाल्यावर ताई वहीकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, आकडा तरी कळला. मला वाटायचं मीच उधळी हाय."

इथे कायद्याची माहिती देते, वहीत लिहून ठेवा. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेल्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. ताईंचं निम्मं होतं ७,२५० आणि हप्ते ८,९१०. म्हणजे शेवटचं कर्ज देणाऱ्याने नीट विचारपूस केली असती तर ते मिळालंच नसतं. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणं, हे सगळं बंद आहे. वसुली ठरलेल्या ठिकाणीच करायची. तुम्ही तिथे लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा आला नाहीत, तरच त्यांच्या माणसाला घरी येता येतं. कर्जाचं कार्ड तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवं. तक्रार आधी त्या कंपनीकडे लेखी द्यायची. दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेकडे कशी जायचं, ते १४४४८ या नंबरवर विचारता येतं.

त्या ताईंचं पुढे काय झालं? आठवड्याच्या कर्जाचे १०,००० बाकी होते. गटाने तेवढं अंतर्गत कर्ज दिलं, शेकडा दोनने, दहा महिन्यांसाठी. आठवड्याचं कर्ज बंद झालं. आता गटाला पहिल्या महिन्यात १,२०० द्यायचे आणि पुढे व्याज कमी होत जाणार. सगळे हप्ते मिळून ७,५५० झाले. अजूनही निम्म्याच्या वरच आहेत. पण बुधवारची वसुली संपली. त्या म्हणतात, आता बुधवारी सकाळी पोटात कालवत नाही.

आता जिला विचारायचं धाडस झालं नाही तिच्याबद्दल. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं, मार्चअखेर होती आणि माझ्या गटांची फेड शंभर टक्के दाखवायची होती. एका बाईंचे दोन हप्ते थकले होते. मी अध्यक्ष-सचिवांना घेऊन त्यांच्या ओट्यावर दोन तास बसले. गल्लीतून येणारे-जाणारे बघत होते. त्यांनी कुठूनतरी पैसे आणून दिले. कुठून ते मी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी गट सोडला. आता रस्त्यात भेटल्या की मान खाली घालून जातात. माझा अहवाल मात्र शंभर टक्के झाला.

तेव्हापासून मी सगळ्या गटांना एक विनंती करते. हप्ता थकला तर भर बैठकीत नाव घेऊन उभं करू नका. आधी एकीने एकटीने जाऊन विचारावं, पैसे मागण्यासाठी नव्हे, तर काय झालंय म्हणून. फेड सोडून द्या असं मी म्हणत नाही, गट फेडीवरच चालतो. पण घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय मुदत वाढवायची की नवं कर्ज थांबवायचं, हे गटाला तरी कसं ठरवता येईल?

"मग घरी सांगायचं तरी कसं?" हा प्रश्न सभेत तिघींनी विचारला. आमच्या घरी जे चालतं ते सांगते. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने हप्त्याची तारीख आणि रक्कम लिहिते. बाबाही त्यांची उधारी तिथेच लिहितात, बारीक अक्षरात का होईना. महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवण झाल्यावर बसतात. हप्त्याच्या दिवशी मुळीच बसत नाहीत, त्या दिवशी कोणाचं डोकं जागेवर नसतं. किती आले, किती जाणार आणि कोणाचं देणं आहे, एवढंच बोलायचं. मागचं उकरायचं नाही असं ठरलंय, तरी आई अठरा हजार काढतेच. भाऊही बसतो. पोरांपासून लपवून काही उपयोग नसतो. आपल्याच एका ताईंच्या सातवीतल्या मुलाने शाळेच्या सहलीची चिठ्ठी घरी दाखवलीच नाही, फाडून टाकली. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याला सगळं कळत होतं.

पण सगळ्यांनी आजच घरी जाऊन सांगा, असं मी म्हणणार नाही. ज्या घरात हात उगारला जातो, पिऊन आल्यावर पैसे हिसकावले जातात, तिथे आकडा सांगणं धोक्याचं असू शकतं. तिथे एकटीने सांगू नका. आधी गटातल्या विश्वासाच्या बाईला सांगा, मला सांगा, माहेरचं कोणी असेल तर त्यांना बोलवा. मारहाण होत असेल तर १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे, आणि तातडीची मदत हवी असेल तर ११२.

अजून एक आहे, ते सभेत घाईत राहिलं. झोप उडालीय, जेवण जात नाही, छातीत धडधडतं, जीव नकोसा वाटतो, असं दोन-तीन आठवडे चाललं तर ते नाटक समजू नका आणि बाहेरचंही समजू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. हा नंबर घरातल्या पुरुषांसाठीही आहे. त्यांच्या चपलेच्या आवाजावरून आपल्याला कळतं, बाजारातून काय ऐकून आलेत ते. गप्प गप्प राहात असतील, "माझ्या मागे तुमचं बरं होईल" असलं काही बोलले, तर हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा. विचारल्याने कोणाच्या मनात नसलेलं येत नाही. आणि फवारणीचं औषध घरात असेल तर ते कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे ठेवा. हे मी प्रत्येक गावात सांगते. कंटाळा आला असेल तरी पुन्हा सांगते.

आईने ते चाळीस हजार फेडले, वेळेपेक्षा चार महिने उशिरा. शेवटचे दोन हप्ते माझ्या पहिल्या पगारातून गेले. डोकेदुखी पूर्ण गेली नाही. बीपी खरंच निघालं, गोळी चालू आहे. मावशीचे फोन मात्र ती परत घेते, आणि इतका वेळ बोलते की बाबा वैतागतात.

पुढच्या महिन्यापासून प्रत्येक ग्रामसंघात ही रांगोळी काढायचं ठरलंय. तारीख तुमच्या सीआरपी ताई सांगतील. चिंचोके घरून आणा, खडे अंगणात असतातच. मिरच्या ज्यांच्या घरी बैठक असेल त्यांनी द्याव्यात. मोजून परत करण्याची जबाबदारी माझी.